तबकड्या संगणकात उतरवताना: सॉफ्टवेअरआधी सुई, सुईआधी सफाई

दिवाळीची आवराआवर असो की जुनं घर पाडून नवं बांधणं असो, चाळीसगाव, पाचोरा, धुळे या पट्ट्यातल्या अनेक घरांत माळ्यावरून रेकॉर्डची एखादी पेटी निघतेच. कुणाचे आजोबा रेल्वेत होते, कुणाचा कापसाचा व्यापार होता, कुणाच्या काकांची लाउडस्पीकर सर्व्हिस होती आणि लग्नसराईत त्यांचे कर्णे गावोगाव वाजत. पेटी खाली आली की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, राहू द्या, आजोबांची आठवण आहे. मग पेटी पुन्हा पत्र्याखालच्या माळ्यावर जाते.

खानदेशात हा दुसरा निर्णयही धोक्याचाच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. विनाइलची एलपी एवढ्या उष्णतेत वाकडी होते आणि पुन्हा सरळ होत नाही. पावसाळ्यात कव्हरला ओल धरते आणि बुरशी तबकडीवर उतरते. म्हणून पेटी निघालीच आहे तर तबकड्यांचा आवाज संगणकात उतरवून घ्या. हे काम घरी होण्यासारखं आहे. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: या कामाचा मोठा भाग संगणक सुरू करण्याआधीच उरकतो. तबकडी धुणं, योग्य सुई लावणं आणि गती जुळवणं हे नीट झालं तर सॉफ्टवेअरला फार काही करावं लागत नाही. हे चुकलं तर कोणतंही सॉफ्टवेअर ते भरून काढू शकत नाही.

आधी निवड

सगळी पेटी एकदम हातात घेऊ नका. धुणं, वाजवणं, गाणी वेगळी करणं आणि नोंद करणं धरून एका एलपीला दोन तास सहज लागतात. रविवारी दोन-तीन तबकड्या झाल्या तरी पुष्कळ.

पहिला मान अशा तबकड्यांचा, ज्या बाजारात पुन्हा आल्याच नाहीत. जुन्या ७८ गतीच्या रेकॉर्डवरचे पोवाडे, कीर्तनं, तमाशातले वग, विनोदी नकला, पुढाऱ्यांची भाषणं आणि छोट्या कंपन्यांची मुद्रणं यात येतात. मुंबईची ‘यंग इंडिया’ ही त्यातली एक. तिने १९३० आणि ४० च्या दशकांत फारसं नाव नसलेल्या अनेक कलावंतांना संधी दिली आणि पुढे ती बंद पडली. अशा तबकडीची प्रत तुमच्या पेटीशिवाय इतर कुठे असेलच याची खात्री नसते.

दुसरा क्रमांक हौशी किंवा घरगुती मुद्रणांचा आणि तडा गेलेल्या तबकड्यांचा. चित्रपटगीतांच्या गाजलेल्या एलपी शेवटी घ्या. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाईंच्या रचना ‘मानिनी’ या १९६१ च्या चित्रपटात आल्या. आपल्या भागात त्या रेकॉर्डवर जीव असणं साहजिक आहे, पण ती गाणी सहज ऐकायला मिळतात. ‘शोले’च्या संवादांची एलपीही तशीच. त्या दोन्ही थांबू शकतात.

तबकडी कशाची आहे ते ओळखा

जड, कडक, साधारण १० इंचांची आणि पडली तर फुटणारी ती ७८ गतीची. तिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं असतं. ती लाखेच्या मिश्रणाची असते. हलकी, थोडी लवचिक आणि १२ इंचांची ती विनाइलची एलपी, गती ३३⅓. सात इंचांची ईपी बहुधा ४५ गतीची. लेबलवर गती छापलेली असते, ती वाचा.

हा फरक दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. पहिलं कारण सफाईचं. फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. तेच स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अल्कोहोल असलेला कोणताही क्लीनर ७८ च्या तबकडीवर लावला तर तिचा वरचा थर, म्हणजे गाणंच, विरघळतं. दुसरं कारण सुईचं. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते, म्हणून दोन्हींना एकच सुई चालत नाही.

धुलाई

मेडिकलमध्ये किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर आणा. बोअरचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार वाळल्यावर खाचेत बसतात आणि पुढे कटकट करत राहतात. लिटरभर पाण्यात सौम्य लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब पुरतात. मऊ मायक्रोफायबर कापड भिजवून खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल फिरवत पुसा. आतून बाहेर किंवा आडवं घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसऱ्यांदा पुसा आणि सावलीत उभी ठेवून पूर्ण वाळू द्या. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. लेबल गेलं तर तबकडीची ओळखच जाते. ७८ च्या तबकडीला कमी पाणी, कमी वेळ, आणि लगेच कोरडं कापड.

बुरशीचा पांढरा थर असेल तर हे दोनदा करा. जुनी कागदी पिशवी फेकून नवी घाला, पण बाहेरचं छापील कव्हर जपा.

कोणत्या यंत्रावर वाजवायची

चावीचा फोनो घरात असेल तर तो दिवाणखान्यात शोभेला ठेवा. त्याच्या साउंडबॉक्सचं वजन आणि लोखंडी सुई मिळून खाच कोरून काढतात. त्याच्यावर एलपी तर कधीच लावू नका, एकदा लावली की तिचे वरचे स्वर कायमचे गेले.

एचएमव्हीच्या फिएस्टासारखा जुना पेटीतला प्लेअर असेल तर तो बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिजचा असतो. त्याच्या सुईला छोटी कळ असते, ती फिरवली की एका बाजूला एलपीची सुई आणि दुसऱ्या बाजूला ७८ ची. सोय चांगली, पण सुईचा दाब चार ते सहा ग्रॅम, आणि आतलं रबरी चाक कडक झालेलं असल्याने आवाजात घरघर येते. गाणं कोणतं आहे हे तपासायला तो ठीक. कायमच्या प्रतीसाठी नको. असा जुना प्लेअर वापरायचाच असेल तर विजेची जोडणी आधी कारागिराकडून तपासून घ्या. त्याच्या स्पीकरच्या तारा थेट लॅपटॉपला कधीही जोडू नका, लॅपटॉपचं इनपुट जळू शकतं. आता बाजारात सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर येतात. त्यांचंही कार्ट्रिज याच जातीचं असतं. त्यांच्या मोहात पडू नका.

नवा प्लेअर घ्यायचा असेल तर तीन गोष्टी पाहा: मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, सुईचा दाब कमीजास्त करता येणारा आर्म, आणि पेटीत ७८ असतील तर ७८ ची गती. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२०एक्स-यूएसबी या प्लेअरमध्ये हे तिन्ही आहे. त्याच कंपनीच्या एलपी६०एक्समध्ये ७८ नाही. एलपी१२०च्या कार्ट्रिजवर ७८ साठीची वेगळी जाड सुई बसते. एलपीला साधारण दोन ग्रॅम आणि ७८ च्या सुईला पाच ग्रॅमच्या आसपास दाब लागतो. सुईच्या पाकिटावर लिहिलेला आकडा अंतिम. दाब फार कमी ठेवला तर सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

नवा प्लेअर परवडत नसेल तर ओळखीत विचारा. दोन-तीन घरांनी मिळून एक यंत्र घेतलं आणि आळीपाळीने वापरलं तरी चालतं. हे काम आयुष्यभर करायचं नसतंच.

गती आणि सूर

गती दोन-तीन टक्के चुकली तरी जाणकार कानाला लगेच कळतं. तपासायला स्ट्रोब तबकडी वापरा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ३३⅓ साठी कडेला १८० रेघा असलेली आणि ७८ साठी ७७ रेघांची तबकडी लागते. ती कागदावर छापून घेता येते. फिरताना रेघा स्थिर दिसल्या तर गती बरोबर. मात्र हे साध्या पिवळ्या बल्बखाली किंवा चोकवाल्या ट्यूबखाली पाहा. बऱ्याच एलईडी दिव्यांचा प्रकाश तसा लुकलुकत नसल्याने रेघा उमटतच नाहीत.

दुसरी तपासणी पेटीची, म्हणजे हार्मोनियमची. रेकॉर्डमधली हार्मोनियम ऐका आणि घरातल्या पेटीशी ताडून बघा. सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल तर गतीबद्दल शंका घ्या. जुन्या पेट्या आजच्या सुराला लावलेल्या असतीलच असं नाही, म्हणून याला पुरावा समजू नका, इशारा समजा.

प्लेअरला ७८ ची गती नसेल तर तबकडी ४५ वर वाजवून रेकॉर्ड करता येते आणि नंतर ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड अँड पिच’ वापरून ४५ वरून ७८ वर नेता येते. सूर जुळतो, पण आवाजाचा पोत थोडा बदलतो. दुर्मीळ तबकडीसाठी हा मार्ग नाइलाज म्हणूनच.

जोडणी

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघणारा आवाज अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय एलपी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे वाढवलेले असतात. १९५४ च्या सुमारास ठरलेल्या या पद्धतीला आरआयएए म्हणतात. वाजवताना ती उलटी करावी लागते. ही दोन्ही कामं करतो तो फोनो प्रीअॅम्प. काही प्लेअरमध्ये तो आतच असतो आणि मागे फोनो-लाइन असा स्विच असतो. दोन प्रीअॅम्प एकामागोमाग लागले तर आवाज फाटतो, एकही नसेल तर गाणं पातळ आणि किरटं येतं. यूएसबी प्लेअर असेल तर केबल थेट संगणकाला. नसेल तर बेहरिंगर यूफो२०२ सारखा छोटा डबा पुरतो, त्यात प्रीअॅम्प आणि यूएसबी दोन्ही आहे.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात केबल घालू नका. ते बहुधा मोनो असतं आणि बोलण्याच्या आवाजासाठी बनवलेलं असतं. प्लेअर वाजवून समोर मोबाइल धरणं हाही मार्ग नव्हे. त्यात गाण्याबरोबर पंखा, कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचा भाजीवाला असे सगळेच येतात.

गुणगुण ऐकू येत असेल तर प्लेअरची बारीक अर्थिंगची तार प्रीअॅम्पच्या स्क्रूला लावली आहे का ते पाहा. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा गुणगुण तिथेच थांबते, आणि वीज गेली तरी झालेलं रेकॉर्डिंग वाचतं. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काम पुढे रेटू नका. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर आवाजात गुरगुर येते.

प्लेअर भक्कम, सपाट टेबलावर ठेवा, स्पीकरपासून लांब. खोलीत नाचणारी पोरं असतील तर त्यांना थोडा वेळ अंगणात पाठवा. पंख्याने धूळ उडते आणि आर्म हलतो, म्हणून तो बंद ठेवावा लागतो. या कामाला आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची थंडी उत्तम.

रेकॉर्डिंग

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. इनपुटमध्ये तुमचं यूएसबी यंत्र निवडा. तबकडीतला सर्वांत जोराचा भाग आधी वाजवून पातळी लावा. मीटरचा काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबायला हवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. पातळी थोडी कमी राहिली तर काही बिघडत नाही, ती वाढवता येते.

यंत्र परवानगी देत असेल तर २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ ठेवा. ४८ वर चाळीस मिनिटांची एलपी साधारण ७०० एमबी होते, ९६ वर त्याच्या दुप्पट. यूफो२०२ सारखा डबा १६ बिटचाच असतो. पातळी नीट लावली असेल तर घरगुती कामाला तेही चालतं.

सुई टेकण्याआधी रेकॉर्ड बटण दाबा आणि संपूर्ण बाजू एका दमात घ्या. सुरुवातीची रिकामी खाचही येऊ द्या, ती पुढे कामाला येते. शेवटही घाईने कापू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही रेकॉर्डवर गाणं संपल्यावर गायक-गायिका स्वतःचं नाव सांगतात. गौहरजानच्या रेकॉर्ड त्यासाठी प्रसिद्धच आहेत. ते कापणं म्हणजे कलावंताची सही खोडणं.

७८ च्या बहुतेक तबकड्या आणि जुन्या एलपी मोनो आहेत. त्या स्टिरिओतच रेकॉर्ड करा आणि नंतर डावा-उजवा असे दोन्ही चॅनल मिसळून मोनो करा. खाचेच्या वर-खाली होण्यातून येणारी बरीच खरखर त्यात आपोआप गळते. कोणतीही साफसफाई करण्याआधी हा सोपा उपाय करावा.

संगणकातली साफसफाई: हात राखून

मूळ रेकॉर्डिंगची फाइल आधी ‘मूळ’ म्हणून जपून ठेवा आणि जे काही करायचं ते तिच्या प्रतीवर करा.

क्लिक काढणारं साधन सगळ्या फाइलवर जोरात चालवू नका. टाळ, घुंगरू आणि लावणीतल्या ढोलकीची टणक चाट यांना ते तबकडीवरचा ओरखडा समजतं आणि बोथट करतं. कमी तीव्रतेवर चालवा. मोठे ओरखडे राहिले तर तेवढाच तुकडा निवडून ‘रिपेअर’ वापरा.

खरखर कमी करणारं साधन त्याहून फसवं. त्याला नमुना म्हणून गोंगाटाचा तुकडा द्यावा लागतो. तो फक्त गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचेतला द्या. तंबोरा सुरू झाल्यानंतरचा दिलात तर ते तंबोऱ्यालाच गोंगाट समजून संपूर्ण गाण्यातून पुसून टाकेल. आपल्या संगीतात अखंड चालणारा सूर हा पाया आहे, आणि ही साधनं अखंड आवाजाचीच शत्रू असतात. सहा डेसिबलपेक्षा जास्त खरखर काढायला जाऊ नका. काढलेला भाग वेगळा ऐकण्याची सोय असते, ती वापरा. त्यात गाण्याचा अंश ऐकू आला की मागे या. थोडी खरखर राहिलेलं गाणं कान पंधरा सेकंदांत स्वीकारतो. पाण्याखालून आल्यासारखा आवाज मात्र शेवटपर्यंत खुपत राहतो.

मग प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला कर्सर ठेवून कंट्रोल-बी दाबा, खुणेला गाण्याचं नाव द्या, आणि सगळी गाणी एकदम वेगळ्या फाइलींत निर्यात करा. जपण्यासाठी फ्लॅक, मोबाइलवर ऐकण्यासाठी आणि नातेवाइकांना देण्यासाठी एमपी३. फक्त एमपी३ ठेवू नका. त्यातून गेलेला आवाज परत आणता येत नाही.

नोंद आणि साठवण

दोन्ही बाजूंच्या लेबलचे आणि कव्हरचे स्पष्ट फोटो काढा. कंपनीचं नाव, तबकडीचा क्रमांक, गायक, कवी, संगीतकार आणि राग-ताल लिहिला असेल तर तोही नोंदवा. लेबलच्या कडेला, गुळगुळीत भागात कोरलेला बारीक क्रमांकही उतरवा. संशोधकाला वेगवेगळी मुद्रणं ओळखायला तो उपयोगी पडतो. जुन्या लेबलवर वर्ष बहुधा नसतं, तेव्हा अंदाजाने वर्ष लिहू नका. कोणत्या यंत्रावर आणि कधी उतरवलं हेही लिहा.

फाइलींच्या तीन प्रती ठेवा: एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी, मुलीकडे पुण्याला किंवा भावाकडे नाशिकला. पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका. आणि तबकडी टाकू नका. ती उभी, जिन्याखालच्या किंवा आतल्या खोलीतल्या थंड, कोरड्या जागी ठेवा, आडवी थप्पी लावून नको. उद्या चांगली सुई आणि चांगलं यंत्र आलं तर पुन्हा उतरवता येईल.

कायद्याची बाजू

भारतीय कॉपीराइट कायद्यात खाजगी वापरासाठी रास्त प्रमाणात केलेल्या प्रतीला जागा आहे. म्हणजे स्वतःच्या तबकडीची प्रत स्वतः ऐकण्यासाठी करायला हरकत नाही. इंटरनेटवर टाकणं वेगळं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं चालतो, म्हणून १९६० च्या रेकॉर्डचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. पण गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणून ‘गीतरामायणा’च्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. तबकडी कितीही जुनी दिसली तरी टाकण्याआधी हे तपासा.

पेटी एकट्याची नाही

चाळीसगावकरांना संग्रहाचं मोल वेगळं सांगायला नको. इथले छायाचित्रकार केकी मूस ३१ डिसेंबर १९८९ ला गेले. त्यांचं घर आणि त्यातला संग्रह जपला गेला, म्हणून त्यांची छायाचित्रं आजही पाहता येतात. मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या मित्रांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू केली. घरोघरच्या अशाच पेट्यांमधून जुन्या मुद्रणांची माहिती गोळा करण्याचं काम या संग्राहकांनी केलं. तुमच्या पेटीत अनोळखी कंपनीची किंवा कुठेच न सापडणाऱ्या शाहिराची तबकडी निघाली तर तिची नोंद अशा संग्राहकांपर्यंत किंवा जवळच्या वाचनालयापर्यंत पोचवा.

येत्या थंडीत एक रविवार काढा. पेटीतली सर्वांत अनोळखी नाव असलेली तबकडी आधी उचला, ती धुवा आणि तिच्यापासून सुरुवात करा. ओळखीची गाणी वाट पाहतील.